दाखवणे आहे

महाराष्ट्रात इस्टेट एजंट व्हायला काय लागतं, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. पहिलं सरकारी. २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी लागते, ती महारेराकडे करायची. महारेराचा कारभार १ मे २०१७ पासून सुरू आहे. एकट्यादुकट्या एजंटाने दहा हजार रुपये भरले की पाच वर्षांची नोंदणी मिळते, आणि २०२३ मध्ये निघालेल्या हुकमानुसार त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. दुसरं उत्तर व्यवहारातलं. एक मोटरसायकल, दोन मोबाइल आणि समोर येईल त्याला 'सर' म्हणायची तयारी.

आमचा एजंट दुसऱ्या उत्तरातला होता. त्याने कायदा मोडला असं मात्र म्हणता येणार नाही. रेराचं नववं कलम बोलतं ते बिल्डर विकत असलेल्या प्रकल्पांबद्दल. म्हणजे बाणेरच्या टॉवरमधला कोराकरकरीत फ्लॅट विकून द्यायचा तर परीक्षेला बसा. कोथरूडमधल्या १९८६ सालच्या इमारतीतला, लिफ्ट नसलेला, एका कुटुंबाने वापरून झालेला, वारसांची नावं लागायची बाकी असलेला फ्लॅट विकायचा असेल तर कुणीही चालतं. जिथे भानगडी जास्त तिथे शिकलेल्या माणसाची गरज कमी, असा काहीतरी विचार त्यामागे असणार. मोठ्या लोकांचा विचार आपल्याला लगेच कळत नाही.

फ्लॅट वडिलांनी घेतलेला. डहाणूकर कॉलनीच्या बाजूला, तिसरा मजला. वडील गेल्यावर आई आमच्याकडे सिंहगड रोडला राहायला आली. बहिणीने नाशिकहून फोनवर सांगितलं, "माझे गुडघे आता तीन मजले चढणार नाहीत. विकून टाका." हे सगळं आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर ठरलं आणि दोन दिवसांत एजंटाचा फोन आला. "सर, कोथरूडचा आपला टू बीएचके काढताय असं ऐकलं." कुणाकडून ऐकलं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझा संशय वॉचमनवर आहे, बायकोचा बहिणीवर.

पहिल्या भेटीत त्याने हॉलच्या भिंतीवर बोटांनी टकटक केली, कान लावल्यासारखं केलं आणि मान डोलावली. "एटीजचं बांधकाम, सर. नऊ इंची भिंत. असं आता कोण करतं?" आईला तो माणूस तिथेच आवडला.

मग त्याने विचारलं, "अपेक्षा काय आहे?" मी थोडा अभ्यास करून ठेवला होता. झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे जिला इंडेक्स टू म्हणतात ती, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. कोणता फ्लॅट कितीला गेला ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्यासारखे फ्लॅट त्या भागात नव्वद ते सत्त्याण्णव लाखांच्या दरम्यान गेले होते. मी पंच्याण्णव म्हणालो. तो हसला. लहान मुलाने पुढे मी पंतप्रधान होणार म्हटल्यावर मोठी माणसं हसतात ना, ते हसू. "सर, तुम्ही साधी माणसं. वनाझपर्यंत मेट्रो आलीय आता. एक दहा. डोळे मिटून."

एक कोटी दहा लाख कानांवर पडल्यावर दुसऱ्या एजंटाकडे जायची इच्छा कुणाला राहणार? मी विचारलं, "आपलं काही लिहून ठेवायचं का? दलाली किती, मुदत किती?" तो दुखावला. "सर, आपल्यात काय लिहायचं? दोन टक्के तुमच्याकडून, दोन समोरच्याकडून, सगळ्या पुण्यात हेच चालतं." आम्ही चावी दिली. पुढे उलगडलं ते असं, की एक दहा हा फ्लॅटचा भाव नव्हताच. तो चावीचा भाव होता आणि तो त्याने तोंडी चुकता केला होता.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर जाहिरात लागली. फोटो त्याने आदल्या दिवशीच, आमच्याशी बोलत बोलत, चालता चालता काढले होते. हॉलच्या फोटोत अर्धा पंखा आणि अर्धं कॅलेंडर. स्वयंपाकघराच्या फोटोत बरोबर मध्यभागी गॅसचा सिलिंडर, जणू विकायला तोच काढलाय. बाथरूमच्या फोटोत निळी बादली आणि तिच्या काठावर वाळत घातलेलं पोतेरं. बेडरूममध्ये वडिलांचं गोदरेजचं आरशाचं कपाट होतं. त्या फोटोत बेडरूम नव्हतीच. आरशात एजंट होता. एक मोबाइल डोळ्यांपुढे, दुसरा मानेत धरून कानाला, आणि त्याच्या मागे दारात माझी आई, 'हा आत कशाला शिरलाय?' असा चेहरा करून. सगळ्या फोटोंतून त्याने नेमका हाच पहिला लावला. बायको म्हणाली, "बघणाऱ्यांना वाटेल, आई फ्लॅटबरोबर येतात."

क्षेत्रफळाचंही तसंच. करारनाम्यात कार्पेट ६२० चौरस फूट. जाहिरातीत ९२०. विचारलं तर, "सर, सेलेबल लिहितात." एक निवृत्त इंजिनिअर गृहस्थ टेप घेऊन आले. त्यांनी खोल्या, बाल्कनी, एवढंच काय, खिडकीतली जागासुद्धा मोजली, कागदावर बेरीज केली आणि शांतपणे विचारलं, "उरलेले तीनशे फूट कुठे आहेत?" एजंट त्यांना दाराबाहेर घेऊन गेला आणि जिन्याच्या चौकाकडे हात करून म्हणाला, "हे लँडिंग, सर." मग गच्चीवर घेऊन गेला. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिचाही आमच्या तीनशे फुटांत वाटा असावा. इंजिनिअर गृहस्थ गच्चीवरूनच निघून गेले, जाताना आमच्याकडे आलेही नाहीत.

एकदा पार्टी यायला लागल्यावर आम्हाला आमच्याबद्दल बरीच नवी माहिती मिळाली. एका गृहस्थांनी बूट घालता घालता मला विचारलं, "व्हिसा झाला का?" मला वाटलं, ते फोनवर बोलताहेत. फोन त्यांच्या खिशात होता. एजंटाने त्यांना सांगितलं होतं की, मालक मुलाकडे अमेरिकेला चाललेत, कायमचे, तिकिटं निघालीत, जे मिळेल ते घेऊन मोकळं व्हायचंय. आम्हाला मुलगा नाही. मुलगी आहे, ती कोल्हापूरला असते आणि तिच्याकडे स्वारगेटहून एसटीने जाता येतं. नंतर एक बाई आल्या. त्यांनी घर बघितलंच नाही, बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "धीर सोडू नका. हल्ली सगळं बरं होतं." आमच्याकडे मोठं ऑपरेशन आहे असं त्यांना कळलं होतं. कुणाचं, ते एजंटाने सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्या आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होत्या आणि मी उगाच खोकलो तेव्हा त्यांची खात्री पटली.

तिसऱ्या पार्टीला भाऊबहिणीचा वाद सांगितला होता, प्रकरण कोर्टात जायच्या बेतात आहे म्हणून. नेमकी त्या दिवशी बहीण नाशिकहून आलेली. त्या गृहस्थांनी तिला बाल्कनीत गाठून हळूच विचारलं, "ताई, तुमचा वेगळा आकडा काय आहे?" बहिणीला वेगळा आकडा असू शकतो हे तोवर माहीत नव्हतं. नाशिकला परत जाईपर्यंत ती विचारात होती.

मी एजंटाला धरलं. "अहो, हे काय सांगता लोकांना?"

"सर, अर्जन्सी दाखवावी लागते."

"पण मालक घाईत आहे म्हटल्यावर लोक भाव पाडून मागतात."

"तेच तर. मागायला लागला म्हणजे समजायचं, इंटरेस्ट आहे."

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

अशा भेटींमध्ये आमच्या घराचे दोष बाहेर येऊ लागले. सगळे एकदम नाही. एजंट आठवड्याला एक आणायचा. आधी लिफ्ट नसल्याचा. "सीनिअर सिटिझन पार्टी तिथेच कट होते, सर." मग पार्किंग, ते सोसायटीत होतं पण नावाने दिलेलं नव्हतं. मग दार दक्षिणेला. दार इतकी वर्षं दक्षिणेला होतं आणि त्यातून आत येऊन आम्ही दोघं भावंडं शिकलो, नोकरीला लागलो, वडील वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगले; पण फोनमधल्या होकायंत्रापुढे हे पुरावे चालत नाहीत. त्यानंतर इमारतीचं वय. हे वय मात्र त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी वापरायला होतं. आमच्यासमोर तो घेणाऱ्याला सांगायचा, "रिडेव्हलपमेंट होणारच, सर, सोनं आहे." आणि पार्टी गेली की आम्हाला सांगायचा, "रिडेव्हलपमेंटचं काही खरं नसतं, सर, दहा दहा वर्षं मीटिंगा चालतात." एका संध्याकाळी त्याने हॉलच्या त्याच भिंतीवर, त्याच जागी, त्याच बोटांनी टकटक केली, मान हलवली आणि म्हणाला, "एटीजचं बांधकाम. यात आता काही राहिलं नाही." आई तिथे नव्हती हे बरं.

एक दहाचा एक पाच झाला, मग एक, मग एके दिवशी फोन आला, "सर, पंच्याऐंशीची पार्टी आहे. जेन्युइन. लोन नाही. आज हो म्हणा, उद्या टोकन."

या पंच्याऐंशीचा हिशेब मी रात्री कागदावर मांडला, कारण मला माणसाचा राग येण्याआधी त्याचं गणित बघायची सवय आहे. पंच्याण्णव लाखांना फ्लॅट गेला तर दोन टक्क्यांनी एजंटाला आमच्याकडून एक लाख नव्वद हजार. पंच्याऐंशीला गेला तर एक लाख सत्तर. समोरच्या बाजूचेही तेवढेच. म्हणजे आमचे दहा लाख बुडाले, तर त्याचे दोन्हीकडचे मिळून बुडतात चाळीस हजार. त्या चाळीस हजारांसाठी आणखी तीन महिने जिने चढायचे, की आज हो म्हणवून घेऊन दुसऱ्या फ्लॅटकडे वळायचं? त्याच्या जागी मी असतो तरी मला पंच्याऐंशीची पार्टीच जेन्युइन वाटली असती. लोक समजतात, एजंट घेणाऱ्याला फ्लॅट विकतो. ते काम सोपं आहे, घेणाऱ्याला घर हवंच असतं. त्याची खरी विक्री चालते ती मालकाकडे. मालकाला त्याच्याच घराचा कमी भाव विकायचा असतो आणि तो हप्त्याहप्त्याने विकावा लागतो, म्हणून ते आठवड्याला एक दोष.

दलालीची ही पद्धत आहे तोवर माणूस बदलून काही होणार नाही, असं माझं मत आहे. पंच्याण्णवच्या वर मिळालेल्या रकमेवर दहा टक्के आणि खाली काही नाही, असं ठरवलं असतं तर याच एजंटाने आईच्या फोटोलाही हेरिटेज म्हणून भाव लावला असता.

एक गोष्ट मात्र या गणितात बसत नव्हती. आम्हाला तो पंच्याऐंशी घ्या म्हणत होता आणि जाहिरातीत भाव अजून एक दहाच होता. मी विचारलं तर म्हणाला, "राहू दे सर, इमेज राहते." याचा उलगडा एका तरुण जोडप्याने केला. दोघं तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचली, पाणी प्यायली, घर बघितलं. निघताना एजंट खाली गाडी काढायला गेला होता, तेव्हा तो मुलगा मला म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पण आम्ही तुमचा फ्लॅट घेणार नाही, आणि त्यांनाही ते माहीत आहे. पलीकडच्या गल्लीत एक आहे, लिफ्टवाला, एक पाचला. तो दाखवायच्या आधी ते सगळ्यांना तुमचा दाखवतात."

तीन मजले चढून, दक्षिणेचं दार बघून, एक दहा ऐकून जो माणूस खाली उतरतो, त्याला लिफ्टचा फ्लॅट एक पाचला म्हणजे फुकटच वाटणार. पलीकडच्या गल्लीतले गृहस्थ आमचे उपकार जन्मभर विसरणार नाहीत, आम्ही कोण हे त्यांना कळलं तर. आमच्याकडे दोन प्रकारचे लोक येत होते. काहींना आमचं घर स्वस्तात विकायचं होतं, त्यांच्यासाठी आम्ही अमेरिकेला चाललो होतो. बाकीच्यांना ते महाग करून दाखवायचं होतं, त्यांच्यासाठी आम्ही हट्टी मालक होतो. दोन्हीकडे दलाली एकाच खिशात जात होती. ही कल्पना त्याने स्वतः शोधली असेल तर त्याच्या बुद्धीला मी मानतो.

यानंतर मी एका दुपारी न कळवता फ्लॅटवर गेलो. त्याला कारण वीजबिल. बंद घराचं बिल दर महिन्याला वाढत होतं. जिना चढतानाच आमच्या दारातून बोलण्याचा आवाज आला. दार सताड उघडं, दाराबाहेर चपलांचे बरेच जोड. आत वडिलांच्या जेवणाच्या टेबलाभोवती चारपाच माणसं बसलेली, पंखा पाचवर, टेबलावर स्टॅम्पपेपर आणि चहाचे कागदी कप. दुसऱ्याच कुठल्यातरी फ्लॅटची इसारपावती चालली होती. वारज्याचा असावा. मालक कोपऱ्यात गप्प बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून त्याचा पंच्याऐंशीचा दिवस आज असावा हे मी ओळखलं. आतल्या खोलीत पलंगावर एक अनोळखी माणूस झोपलेला. तो दुसरा एजंट, एजंटाचा सहकारी. दोन दिवसांपूर्वी आमच्याकडे पार्टी म्हणून आला होता आणि पाण्याच्या प्रेशरबद्दल खोलात जाऊन प्रश्न विचारून गेला होता.

एजंट दचकला नाही. दचकायचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं नव्हतं. तो उठला, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि सगळ्यांना ओळख करून दिली, "हे आपले ओनर. फार साधे आहेत." मग चहावाल्या पोराला एक कप वाढवून सांगितला आणि मला म्हणाला, "घ्या ना सर. संकोच करू नका. आपलंच घर आहे."

मी चहा घेतला. काय करणार? बरा होता.

कागदपत्रांच्या बाबतीत त्याचं ज्ञान मुक्त होतं. फ्लॅटच्या सोसायटीकडे वडिलांनी नॉमिनी म्हणून माझं नाव दिलेलं होतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून वकिलांनी आई आणि बहिणीकडून नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र करून घ्यायला सांगितलं. एजंट म्हणाला, "कशाला खर्च, सर? ताईंकडून व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके' घ्या." सोसायटीची हस्तांतरण फी तो एक लाख सांगत होता. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कपाटातून परिपत्रक काढून दाखवलं: महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार, यापुढे एक पैसा नाही. मी हे एजंटाला सांगितलं तर तो गंभीरपणे म्हणाला, "मग ते पंचाहत्तर माझ्याकडे द्या, मी बघतो." काय बघणार होता ते मी विचारलं नाही. पन्नास लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. हा एक टक्का मालक रोखीने देतात, असं त्याने एका पार्टीला सांगून ठेवलं होतं. रोखीवर त्याचा जीव. "साठ चेकने दाखवू, सर, वरचे हातात." घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे आणि जेवढी घेतली तेवढाच दंड बसू शकतो, असं मी म्हणालो. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. "सर, तुम्ही फार वाचता."

फ्लॅट विकला गेला तो पहिल्या मजल्यावरच्या काकूंमुळे. या काकू वडिलांच्या काळापासूनच्या. रोज नवी माणसं जिना चढताना बघून त्यांनी शेवटी मला दारात अडवलं. "विकताय म्हणे! जगाला सांगितलंत, मला नाही?" त्यांचा भाचा भाड्याने राहत होता आणि त्याला मावशीच्या जवळपास घर हवं होतं. तो आला, जिने पळत चढला, दाराची दिशा विचारली नाही. त्र्याण्णववर ठरलं, आणि त्याला माझ्या समोरच्या खुर्चीत बसून स्वतःच्या तोंडाने भाव करता आला याचंच त्याला अप्रूप. खरेदी त्याने बायकोच्या नावावर केली. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभार धरून सात टक्के पडतं, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे. त्र्याण्णव हजार वाचले. नोंदणी फी तीस हजारांच्या वर जात नाही, ती तीस हजार. हवेलीच्या दुय्यम निबंधकांकडे अंगठे आणि फोटो झाले. तिथल्या कॅमेऱ्यात आईचा फोटो जाहिरातीतल्यापेक्षा चांगला आला.

एजंट दुसऱ्या दिवशी हजर. दोन टक्के, म्हणजे एक लाख शहाऐंशी हजार. "ती पार्टी माझीच होती, सर. काकूंना मी जिन्यात किती वेळा नमस्कार केलाय!" पुरावा म्हणून त्याने मोबाइल पुढे केला. त्यात नाव सेव्ह केलेलं होतं: 'काकूंचा भाचा जेन्युइन'. खाली नंबर नव्हता.

बायको आतून आली. तिने विचारलं, "लेखी काही आहे का तुमच्याकडे?"

"मॅडम, आपल्यात काय लिहाय..." एवढं बोलून तो थांबला. त्याचा चेहरा बघून मला त्याच्याबद्दल जरा वाईट वाटलं, पण एक लाख शहाऐंशी हजारांचं वाटलं नाही. चार पार्ट्यांचं पेट्रोल म्हणून काही रक्कम दिली, ती त्याने मोजून घेतली आणि जाताना भाच्याच्या जुन्या घरमालकाचा नंबर मागितला; ते घर आता रिकामं होणार होतं. आमची चावी त्याच्याकडे नव्हती. ती चहावाल्याकडे मिळाली.

सगळे एजंट असे नसतात. जो आधी इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट आणि करारनामा मागतो आणि भावाचं नंतर बोलतो, ज्याला दलाली आणि मुदत कागदावर लिहून द्यायला अडचण वाटत नाही, तो बहुधा चांगला असतो. असा भेटला तर त्याला दोन टक्के आनंदाने द्या. त्याच्याकडे चावी मात्र देऊ नका, विजेचं बिल बघा.

आमची जाहिरात अजून तशीच आहे. भाव एक दहा, क्षेत्रफळ ९२०, पहिल्या फोटोत एजंट आणि त्याच्या मागे आई. आईने मला ती काढायला सांगितलं, मी एजंटाला फोन केला, तो म्हणाला, "राहू दे सर, चांगले कॉल येतात." तेव्हा कुणाला कोथरूडमध्ये घर घ्यायचं असेल तर अवश्य फोन करा. आमचा फ्लॅट विकला गेला आहे, पण तो दाखवील. नंतर पलीकडच्या गल्लीतला दाखवील, लिफ्टवाला. त्याचे एक पाच देऊ नका. इंडेक्स टू बघून जा.